काकांच्या बुलेटच्या मागावर: मनाली-लेहची जुनी वाट पुन्हा कशी धरायची

नव्वदच्या आसपास मनालीहून लेहला मोटरसायकल नेलेला एखादा काका, मामा किंवा खुद्द वडील घरात असतील आणि त्यांच्याच वाटेने एकदा जाऊन यावं असं डोक्यात घोळत असेल, तर हा लेख तुमच्यासाठी. लेहला कसं जायचं हे सांगणारे व्हिडिओ पोत्याने मिळतात. इथे सांगायचंय ते थोडं वेगळं: त्यांची वाट नेमकी कुठली होती ते कसं शोधायचं, त्यातलं आज काय शिल्लक आहे, आणि त्यांच्या कुठल्या गोष्टींची नक्कल अजिबात करायची नाही. माझे धाकटे काका १९९२ साली मित्राला मागे बसवून पुण्याच्या बुलेटवर गेले होते. खालचे दाखले त्यांच्याच प्रवासाचे आहेत, पण पद्धत कुणालाही लागू पडेल. ही निम्मी मोहीम घरातच होते, आणि घरातला भाग उरकल्याशिवाय गाडीला हात लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

पहिलं काम: सालाचा मेळ घाला

घरातले किस्से वर्षानुवर्षं सांगून फुगतात, म्हणून साल आधी पक्कं करायचं. लडाख पर्यटकांसाठी खुलं झालं १९७४ मध्ये, पण तेव्हा जाणं-येणं श्रीनगर, झोजी ला ('ला' म्हणजे खिंड), कारगिल असं होतं. मनाली-लेह रस्ता सर्वसामान्यांना मोकळा झाला तो १९८९ मध्ये. त्याआधी तो लष्कराच्या वापराचा. तेव्हा "आम्ही ब्याऐंशी साली मनालीवरून लेह गाठलं" असं कुणी छातीठोकपणे सांगत असेल, तर बहुधा साल चुकलंय, वाट श्रीनगरची होती, किंवा स्वारी रोहतांग-केलाँगवरूनच परत फिरली होती. उलट नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला काश्मीर खोरं पेटलेलं होतं, त्यामुळे त्या काळातले पुष्कळ जण मनालीवरून गेले आणि त्याच वाटेने परत आले. खारदुंग लाचा रस्ताही नागरी गाड्यांना १९८८ पासूनच मिळाला.

फोटोत गाडीची नंबर प्लेट दिसत असेल तर तीही बघा. महाराष्ट्रात 'एमएच' आणि मागे आरटीओचा आकडा ही पद्धत नवा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ ला लागू झाल्यानंतरची. प्लेटवर 'एमएच-१२' असेल तर प्रवास त्यानंतरचा. जुनी, 'एम'ने सुरू होणारी तीन अक्षरी प्लेट असेल तर मात्र तेवढ्यावरून काही ठरत नाही, कारण जुनी गाडी घेऊन माणूस कधीही जाऊ शकतो.

दुसरं काम: माणसाला बोलतं करा

"काका, ट्रिप कशी झाली होती?" असं विचारलंत की "मस्त झाली होती" एवढंच उत्तर येतं. बारीकसारीक विचारायचं. पेट्रोल कुठे भरलं? रात्री अंगावर काय घेतलं? पहिलं पंक्चर पुढच्या चाकाला की मागच्या? गाडी ढकलली का, आणि चढावर ढकलली की उतारावर? नकाशा सुरुवातीला दाखवू नका. नकाशा पुढ्यात आला की माणूस आठवण सोडून नावं वाचायला लागतो. फोनवर रेकॉर्डिंग चालू ठेवा, आणि जमलं तर गाडीजवळ, निदान तिच्या किल्लीजवळ बसून बोला.

आमच्याकडे संवाद असा झाला:

"केलाँगला कुठे उतरला होतात?"

"हॉटेल कुठलं रे तेव्हा? बस स्टँडच्या वरच्या अंगाला एका बाईंनी खोली दिली. सकाळी गाडी सुरूच होईना. मग त्या बाईंच्याच किटलीतलं गरम पाणी कार्बोरेटरवर ओतलं."

"आणि पुढे?"

"पुढे पांगला ह्याला पित्त झालं. रात्रभर ओकत होता. सकाळी म्हणाला, परत जाऊ. म्हटलं, आता परत कुठला जातोस!"

मित्राला 'पित्त झालं' हे लक्षात ठेवा. साधारण ४,६०० मीटरवर रात्रभर डोकं दुखणं आणि उलट्या होणं याला पित्त म्हणत नाहीत. ती उंचीची बाधा असते. काकांच्या पिढीला हे कुणी सांगितलं नव्हतं. पुढे त्यावर सविस्तर येईलच.

आठवणीतल्या खुणांवरून ठिकाणं ओळखता येतात. "पॅराशूटच्या तंबूत चहा प्यायलो" म्हणजे भरतपूर, सरचू किंवा पांग; तिथले ढाबे अशाच तंबूंचे. "रस्ताच नव्हता, मातीत पन्नास वाटा पसरलेल्या" हे पांगच्या पुढचं मोरे मैदान. तिथे तेव्हा गाड्या वाटेल तिकडून धुरळा उडवत जायच्या. "जांभळ्या दगडांची अरुंद घळ" म्हणजे रुम्त्से ते उपशी. "एकाच डोंगरावर वळणंच वळणं" म्हणजे गाटा लूप्स, एकवीस वळणं. काका एकवीसच्या जागी चाळीस सांगतील. सांगू द्या.

ती व्यक्ती हयात नसेल तर मागे बसलेल्या जोडीदाराचं घर शोधा. तिथेही अल्बम असतो, आणि त्यातले फोटो आपल्या काकांचे असतात, कारण कॅमेरा मित्राच्या हातात होता.

तिसरं काम: कागद आणि फोटो

नव्वदच्या दशकातले बरेच अल्बम चिकट पानांचे आणि वर प्लॅस्टिकचा पापुद्रा असलेले होते. त्यातून फोटो नखाने उचकटू नका, कागद फाटतो. दात साफ करायचा बारीक धागा फोटोच्या मागून एका कोपऱ्यातून सरकवत न्या, फोटो अलगद सुटतो. सुटला की आधी मागची बाजू बघा. तिथे लॅबचा शिक्का, कधी तारीख, कधी काकूंच्या अक्षरात दोन शब्द सापडतात.

यापेक्षाही मोलाची चीज म्हणजे निगेटिव्ह. प्रिंटा लोकांनी वाटून टाकल्या, पण निगेटिव्हच्या पट्ट्या पाकिटात तशाच राहिल्या. पट्टीच्या कडेला, छिद्रांच्या जवळ, बारीक आकडे छापलेले असतात: १, १ए, २, २ए असे ३६ पर्यंत. अल्बममध्ये फोटो दिसायला चांगले म्हणून वाटेल तसे लावलेले असतात. निगेटिव्हवर ते ज्या क्रमाने काढले त्याच क्रमाने असतात. आमच्या अल्बममध्ये एक निळाशार तलाव लेहच्या फोटोंनंतर चिकटवलेला होता, म्हणून सगळे त्याला पँगाँग म्हणायचे. पट्टीवर तो ११ नंबरला निघाला, १० नंबरला दारचाचा पूल आणि १३ ला बर्फाच्या भिंतीतली बुलेट. म्हणजे तो बारालाचा लाच्या अलीकडचा सूरज ताल. काका पँगाँगला गेलेच नव्हते. निगेटिव्ह बघायला यंत्र लागत नाही: एका फोनवर पांढरा पडदा पूर्ण उजेडात ठेवा, त्यापासून थोडं वर पट्टी धरा, दुसऱ्या फोनने फोटो काढा आणि रंग उलटे करा.

फोटोतल्या पाट्या वाचा. सीमा सडक संघटनेच्या पिवळ्या पाट्यांवर खाली प्रकल्पाचं नाव असतं. साधारणपणे 'दीपक' असेल तर तुम्ही हिमाचलच्या बाजूला, म्हणजे सरचूच्या अलीकडे. 'हिमांक' असेल तर लडाखच्या बाजूला. हिमांक प्रकल्प १९८५ चा, तेव्हा तारखेलाही एक टोक मिळतं. उंचीचे आकडे मात्र पाटीवर विसंबून घेऊ नका. टांगलांग लाची पाटी १७,५८२ फूट सांगायची, प्रत्यक्षात ती खिंड ५,३२८ मीटर, म्हणजे १७,४८० फुटांच्या आसपास आहे. खारदुंग लाची पाटी तर ५,६०२ मीटर म्हणते आणि मोजणीत भरतात ५,३५९. 'जगातला सर्वांत उंच रस्ता' हे त्या पाटीवरचं वाक्य खरं नाही, पण काकांच्या तोंडावर हे काढू नका. मुलाखत तिथेच संपेल.

पत्रं असतील तर पोस्टाचे शिक्के भिंगातून बघा. लेहचा पिन १९४१०१, केलाँगचा १७५१३२, मनालीचा १७५१३१. आजीला पाठवलेल्या एका आंतर्देशीय पत्रावरच्या शिक्क्याने आमच्याकडचा 'जुलै की सप्टेंबर' हा वाद मिटवला. शिवाय झेलम एक्स्प्रेसची पार्सल पावती, विश्रामगृहाची पावती, पेट्रोलची चिठ्ठी, जे सापडेल ते एका पाकिटात ठेवा.

चौथं काम: जुना रस्ता आजच्या रस्त्यावर बसवा

एक मोठी वही घ्या. डाव्या पानावर काकांचा रस्ता, उजव्या पानावर आजचा.

सगळ्यांत मोठा फरक पहिल्याच दिवशी. काका मनालीहून मढीमार्गे ३,९७८ मीटरच्या रोहतांगवर चढले, पलीकडे ग्राम्फूला उतरले, तिथून डावीकडे वळून कोकसर, सिस्सू करत टांडीला गेले. उजवीकडची वाट स्पितीला जाते. आज ९.०२ किलोमीटरचा अटल बोगदा आहे. ३ ऑक्टोबर २०२० ला तो सुरू झाला आणि सुमारे ४६ किलोमीटर वाचले. काकांनी ते वाचवले नव्हते. त्यांची वाटच धरायची असेल तर रोहतांग चढावा लागतो. त्यासाठी हिमाचल सरकारचं ऑनलाइन परमिट लागतं, रोज सोडायच्या गाड्यांवर मर्यादा आहे आणि मंगळवारी रस्ता दुरुस्तीसाठी पर्यटकांना बंद ठेवतात. बोगद्याला परमिट लागत नाही. माझा सल्ला: परमिट मिळत असेल आणि हवा स्वच्छ असेल तर वरूनच जा. बोगद्यातून गेलात तर पुणेकराला हवी ती घडी चुकते: एका बाजूला देवदारांची हिरवी दरी, घाटमाथा ओलांडला की पलीकडे उघडे, कोरडे डोंगर. मान्सूनचा पाऊस ही भिंत अडवते. बोगद्यातून बाहेर आलात की तो बदल नुसता झालेला दिसतो, होताना दिसत नाही.

टांडीला चंद्रा आणि भागा या नद्या मिळतात आणि पुढे चिनाब होऊन जातात. तिथून केलाँग, जिस्पा, दारचा इथपर्यंत फारसं हरवत नाही. गावं वाढली, सिमेंटची घरं आली, पण केलाँगसमोरच्या डोंगरावर कारदांगचा गोम्पा, म्हणजे बौद्ध मठ, आहे तिथेच आहे. दारचाला फाट्याकडे लक्ष ठेवा. इथून शिंकू ला ओलांडून झंस्करला जाणारा नवा रस्ता फुटतो, आणि फोनमधला नकाशा कधी कधी लेहसाठी तोच सुचवतो. काकांच्या वेळी तिथून गाडी जात नव्हती, तेव्हा तुम्ही सरळ पत्सेओ, झिंगझिंगबारकडे चला.

पुढचा पट्टा म्हणजे या प्रवासाचा गाभा: बारालाचा ला सुमारे ४,८९० मीटर, उतरून सरचू ४,२९०, मग गाटा लूप्स, नकी ला, ५,०५९ मीटरचा लाचुलुंग ला, पांग, मोरे मैदान आणि टांगलांग ला. वस्ती नाही, झाड नाही, दिवसा ऊन भाजतं आणि सूर्य डोंगराआड गेला की बोटं आखडतात. मोरे मैदानात आता डांबरी सडक आहे. काकांचा धुरळा बघायचा असेल तर सडकेच्या बाजूला जुन्या चाकोऱ्या अजून दिसतात, पण त्यात गाडी घालू नका. तिथली माती आणि गवत सावरायला फार वर्षं लागतात, आणि चांगपा या भटक्या पशुपालक लोकांच्या मेंढ्या-बकऱ्या त्याच गवतावर जगतात.

उपशीला सिंधू भेटते. तिथून कारू, ठिकसे, शे करत लेह. हा शेवटचा तुकडा सगळ्यात जास्त बदललाय, आणि इथेच फोटो जुळवायला सगळ्यात सोपा आहे, कारण ठिकसेचा गोम्पा टेकडीवरून हललेला नाही.

पाचवं काम: कुठली गाडी?

मनातून सगळ्यांना तीच जुनी बुलेट न्यायची असते. मी म्हणेन, ती उभी होती की चालती होती ते आधी बघा. गेली दहा वर्षं अंगणात ताडपत्रीखाली असेल तर तिला लेह दाखवायची हौस पुढच्या वर्षावर टाका आणि यंदा तिला महाबळेश्वर दाखवा. शेजारची नवी गाडी घेऊन गेलात तरी वाट काकांचीच राहते.

जुनीच न्यायची ठरली तर आधी कागद. पंधरा वर्षांनंतरचं पुनर्नोंदणीचं काम झालेलं हवं, विमा आणि पीयूसी चालू हवेत. आरसी काकांच्या नावावर असेल तर त्यांचं सहीचं संमतीपत्र आणि ओळखपत्राची प्रत जवळ ठेवा, रस्त्यात विचारतात. गाडी रेल्वेने पाठवताना टाकी रिकामी करून द्यावी लागते आणि पार्सल ऑफिसात आरसीची प्रत लागते. दिल्लीत उतरवू नका. त्या परिसरात पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांचे नियम कडक आहेत आणि कोर्टात ते बदलत राहिलेत. काकांनी झेलमनेच गाडी नेली होती. तीच झेलम अंबाल्याला थांबते. तिथे पार्सल उतरवून घेतात का ते आधी पार्सल ऑफिसात विचारा. पुढे चंदीगड, मंडी, कुलू असा रस्ता आहे.

जुन्या बुलेटवर पहिल्यांदा बसणाऱ्यांसाठी: गियर उजव्या पायाशी, ब्रेक डाव्या. पहिला वर, बाकीचे खाली. आणीबाणीत पाय चुकतो, म्हणून निदान महिनाभर गावात चालवून पाय वळवून घ्या. किकची रीत काकांकडून प्रत्यक्ष शिका. चावी लावायची, किक हळू हळू दाबत अँपिअरचा काटा मध्यावर येईपर्यंत न्यायची, डिकॉम्प्रेसरची (सिलिंडरमधला दाब सोडणारी) लिव्हर ओढून किक आणखी थोडी सरकवायची, लिव्हर सोडायची, किक वर येऊ द्यायची आणि मग एकच पूर्ण लाथ. ताकदीने मारणाऱ्याला ती उलटी मारते. उंचीवर तर चार किकांत दम लागतो, म्हणून ही रीत अंगवळणी हवी.

टांगलांग लावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो. कार्बोरेटरला हवा कमी आणि पेट्रोल तेवढंच, म्हणून गाडी काळा धूर सोडते, प्लग काळवंडतो आणि चढावर दुसऱ्या गियरवर यावं लागतं. मिस्त्रीला सांगून एक नंबर लहान मेन जेट सोबत घ्या. काही जण हवेचा फिल्टरच काढून टाकतात. ते करू नका. तिथली धूळ पिठासारखी बारीक असते आणि सिलिंडर खाऊन टाकते. पॉइंटचा गॅप ०.३५ ते ०.४० मिलिमीटर ठेवा, फीलर गेज जवळ ठेवा. क्लच आणि ॲक्सिलरेटरच्या केबल, प्लग, पॉइंट, कंडेन्सर, दोन ट्यूब, चेनची कडी, पंप आणि पंक्चरचं सामान हे सोबत हवंच. आणि पंक्चर स्वतः काढता आलं पाहिजे. ते घरी शिका, सरचूला नको.

मनालीत गाडी भाड्याने घेणार असाल तर एक अडचण: लडाखबाहेरची भाड्याची गाडी लेहपर्यंत गेली तरी तिथून नुब्रा-पँगाँगला स्थानिक संघटना जाऊ देत नाहीत. तिथे लेहची गाडी घ्यावी लागते. स्वतःच्या गाडीला हा प्रश्न नाही.

सहावं काम: शरीर. इथे काकांचं ऐकायचं नाही

काकांची वाट घ्या, त्यांचं वेळापत्रक घेऊ नका. "आम्ही तिसऱ्या दिवशी लेहमध्ये होतो" हे वाक्य कौतुकाने ऐका आणि विसरा.

मनाली २,०५० मीटर, जिस्पा ३,२००, सरचू ४,२९०. डॉक्टरांचा साधा नियम असा: ३,००० मीटरच्या वर झोपायची जागा एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये. जिस्पाहून थेट सरचूला मुक्काम केलात तर एका उडीत हजारावर मीटर होतात, आणि नवख्यांच्या रात्री तिथेच खराब होतात. हा रस्ता आणखी एका कारणाने फसवा आहे. सरचू किंवा पांगला त्रास सुरू झाला तर सहज खाली उतरता येत नाही. मागे बारालाचा, पुढे टांगलांग. कुठल्याही बाजूने खाली जायला आधी वर चढावं लागतं. काका मित्राला "परत कुठला जातोस" म्हणाले, त्यात त्यांच्या नकळत एवढं तथ्य होतं.

म्हणून केलाँग किंवा जिस्पाला किमान दोन रात्री थांबा. मधल्या दिवशी गाडीने सूरज तालपर्यंत वर जाऊन संध्याकाळी परत खाली झोपायला या. फोटो जुळवायचं कामही त्यात उरकतं. तिसऱ्या दिवशी पहाटे निघा. सरचूला मुक्काम टाळणं जमलं तर उत्तम, पण त्यासाठी अंधारात गाडी हाकू नका. थकून टांगलांग ओलांडण्यापेक्षा सरचूची एक डोकेदुखीची रात्र परवडली. उंचीच्या बाधेवरची डायमॉक्स ही गोळी घ्यायची की नाही हे निघण्याआधी डॉक्टरांना विचारा, आणि सल्फाची ॲलर्जी असेल तर ते आधी सांगा. दारू आणि झोपेच्या गोळ्या पूर्ण बंद.

डोकं दुखणं, भूक जाणं, मळमळ इथपर्यंत थांबा, पाणी प्या, आणखी वर जाऊ नका. बसल्या जागी धाप लागत असेल, ओला खोकला येत असेल, माणूस बरळत असेल किंवा टाचेला बोट लावत सरळ रेषेत चालता येत नसेल, तर तो गाडी चालवणार नाही. मिळेल त्या चारचाकीने लगेच खाली न्यायचं, रात्र असली तरी. पांगला लष्कराचा तळ आहे. तिथे मदत मागायला संकोच करू नका.

सातवं काम: पेट्रोल, फोन, पैसे

टांडीच्या पंपावरची 'पुढचा पंप ३६५ किलोमीटर' ही पाटी आता फोटोसाठी प्रसिद्ध आहे, पण ती गमतीने लावलेली नव्हती. टाकी तिथे काठोकाठ भरा आणि वर पाच लिटरचा कॅन घ्या. पुढचा भरवशाचा पंप कारूला. मधे ढाब्यावर बाटलीतलं पेट्रोल मिळतं, मिळालं तर.

बाहेरच्या राज्यांतली प्रीपेड सिमकार्डं लडाखमध्ये चालत नाहीत, पोस्टपेड लागतं. आणि दारचानंतर लेहच्या जवळ येईपर्यंत तेही बहुतेक वेळ गप्पच. घरी आधीच सांगून ठेवा की एक-दोन दिवस फोन लागणार नाही. रोख रक्कम केलाँगलाच काढा. मनाली-लेह या मुख्य रस्त्याला भारतीयांना परमिट लागत नाही. नुब्रा, पँगाँग, हानलेकडे वळायचं असेल तर शुल्क आणि परवान्याचे त्या वेळचे नियम लडाख प्रशासनाच्या संकेतस्थळावर बघा.

जून अखेर ते सप्टेंबर हा काळ धरा. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारनंतर बर्फ वितळून नाल्यांना पाणी वाढतं. सकाळी घोट्याएवढा असलेला नाला चार वाजता गुडघ्याला लागतो. म्हणून अवघड पट्टे दुपारच्या आत. नाल्यात पहिल्या गियरवर, एकसारखं रेझिंग देत, मधे न थांबता. काकांच्या पट्टीवरचा २१ नंबर म्हणजे पँट गुडघ्यापर्यंत दुमडून गाडी ढकलणारा मित्र. ते दुपारी निघाले होते, हे सावली बघूनही कळतं.

आठवं काम: त्याच जागी उभं राहणं

प्रिंटा घेऊन जाऊ नका, त्यांच्या रंगीत झेरॉक्स न्या. वाऱ्यात एक तरी उडतेच. जागा शोधताना रस्ता, घरं, पाट्या विसरा. फक्त आकाशाची रेघ बघा. जवळच्या डोंगराची धार लांबच्या शिखराला कुठे छेदते ती एक जागा फोटोत पकडा. प्रत्यक्षात शिखर धारेच्या जास्त डावीकडे दिसत असेल तर तुम्ही डावीकडे जास्त सरकलात, उजवीकडे चला. दोन अशा जोड्या जुळल्या की पाय बरोबर त्या जागी असतात. कधी ती जागा जुन्या रस्त्यावर, आजच्या सडकेच्या वीस-तीस फूट खाली निघते. तिथे घसरड्या उतारावर एकटं उतरू नका.

फोन थेट उचलून फोटो काढलात तर डोंगर लहान आणि लांब दिसतील. तेव्हाच्या साध्या कॅमेऱ्यांची लेन्स साधारण ३५ ते ३८ मिलिमीटरची, फोनची मुख्य लेन्स २४ ते २६ ची. दीडपट झूम करा, चौकट जुळते. वेळही जुळवायची असेल तर झेरॉक्सवरच्या सावलीची दिशा बघा. लोकेशन लगेच नोंदवा, 'रात्री लिहू' म्हणाल तर उंचीवर डोकं एवढं जड असतं की काही आठवत नाही.

ढाब्यांवर जुने फोटो दाखवा, पण जेवण झाल्यावर, गर्दी ओसरल्यावर. 'जुले', म्हणजे तिकडचा नमस्कार, म्हणून सुरुवात करा. हंगामी ढाबेवाले दरवर्षी तेच असतात असं नाही. म्हातारी माणसं गाठायची तर केलाँग, ग्या, रुम्त्से या गावांत. लोकांचे फोटो विचारून काढा, आणि पाठवतो म्हणालात तर पाठवा.

परत आल्यावर जुन्या प्रिंटच्या मागे मऊ पेन्सिलीने जागा, साल आणि लोकेशन लिहा. बॉलपेनने लिहू नका, त्याचा दाब पुढून उमटतो आणि शाई शेजारच्या फोटोला लागते. ओळख पटलेले आणि न पटलेले फोटो वेगवेगळ्या पाकिटांत ठेवा. अंदाज असेल तर पुढे प्रश्नचिन्ह टाका. सगळ्याची एक प्रत काकांच्या जोडीदाराच्या घरी द्या. आमच्याकडे २७ ते ३० या चार चौकटी अजून प्रश्नचिन्हावरच आहेत. काका म्हणतात लाचुलुंग, मित्र म्हणतो नकी ला.